घरच्या सिंगल फेजवर २ एचपीचं टरेट मिलिंग: व्हीएफडी बसवण्याचं एक प्रकरण

टूलरूममधून निघालेलं टरेट मिलिंग मशीन घरामागच्या शेडमध्ये आणलं की पहिला प्रश्न विजेचा येतो. मशीनवर मोटर थ्री फेज आणि घरात मीटर सिंगल फेज. या प्रकरणातलं मशीन ब्रिजपोर्ट पद्धतीचं आहे: पुढेमागे सरकणारा रॅम, तिरकं करता येणारं हेड, आर-८ टेपरचा (कटर धरणाऱ्या ठराविक शंकूचा) स्पिंडल, चार पायऱ्यांची पुली आणि बॅकगिअर (वेग आणखी कमी करणारा गिअर). ही रचना १९३८ साली अमेरिकेतल्या ब्रिजपोर्ट शहरात बाजारात आली आणि पुढे जगभर तिच्या नकला झाल्या. त्यामुळे इथला बराचसा तपशील कुठल्याही कंपनीच्या टरेट मिलिंगला जसाच्या तसा लागू पडतो.

मोटरच्या पाटीवर होतं: १.५ किलोवॅट (२ एचपी), ४१५ व्होल्ट, स्टार, ३.४ अँपिअर, ५० हर्ट्झ, १४१५ आरपीएम. बाकी पर्यायांचा विचार झाला, पण फार वेळ नाही. थ्री फेज कनेक्शनचा खर्च दिवसाला तासभर चालणाऱ्या मशीनसाठी परवडत नाही. कपॅसिटर लावून तिसरा फेज तयार केला तर मोटर फिरते, पण ताकद कमी पडते आणि वाइंडिंग असमान तापतं. सिंगल फेज मोटर बसवली तर मोटरची थरथर कामावर उमटते. व्हीएफडीने, म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग ठरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हने, फेजचा प्रश्न सुटतो, शिवाय सॉफ्ट स्टार्ट, ब्रेक आणि वेगाची बारीक जुळवणी मिळते. मात्र व्हीएफडी लावला की बेल्ट बदलायची कटकट संपली, ही सर्रास असलेली समजूत चुकीची आहे. त्यावर खाली सविस्तर लिहिलं आहे, कारण बहुतेक जण तिथेच फसतात.

मोटर: स्टार सोडवून डेल्टा

सिंगल फेज २३० व्होल्ट घेणारा ड्राइव्ह बाहेर थ्री फेज देतो, पण तोही जास्तीत जास्त २३० व्होल्टच. ४१५ व्होल्ट स्टारमध्ये (तिन्ही वाइंडिंगांचं एकेक टोक एकत्र बांधून) जोडलेल्या मोटरच्या प्रत्येक वाइंडिंगवर मुळात २४० व्होल्टच पडत असतात. तीच वाइंडिंगं डेल्टामध्ये (टोकाला टोक लावून त्रिकोणात) जोडली की मोटर २४० व्होल्टची होते आणि पाटीवरचा करंट १.७३ पट धरायचा, म्हणजे ५.९ अँपिअर.

आपल्याकडे १.५ किलोवॅटपर्यंतच्या मोटरी साधारणपणे स्टारमध्ये आणि २.२ किलोवॅटपासून पुढच्या डेल्टामध्ये ४१५ व्होल्टसाठी गुंडाळलेल्या असतात. म्हणून २ एचपीची मोटर घरच्या ड्राइव्हवर पूर्ण ताकदीने चालते. ३ एचपीची मोटर मात्र रिवाइंड केल्याशिवाय चालत नाही. मशीन विकत घेण्याआधी पाटी वाचावी ती यासाठी.

टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं असती तर काम पाच मिनिटांचं होतं. तीन पट्ट्या आडव्या असतात त्या उभ्या करायच्या: यू१ ला डब्ल्यू२, व्ही१ ला यू२, डब्ल्यू१ ला व्ही२. इथे बाहेर तीनच वायरी होत्या, स्टारची गाठ आत वाइंडिंगमध्ये बांधून टाकलेली. अशा वेळी मोटर उघडावी लागते. दोन्ही कव्हरं काढून रोटर हळूच बाहेर काढला की वाइंडिंगच्या डोक्यावर, ज्या बाजूने वायरी बाहेर येतात तिथे, दोऱ्याच्या बांधणीखाली जाडसर स्लीव्ह सापडते. तिच्यात तीन टोकं एकत्र जोडलेली असतात. हेअर ड्रायरने वार्निश जरा मऊ करून दोरा कापायचा आणि स्लीव्ह मागे सारायची. तांब्यावर चिमटा लावून ओढाओढ केली तर इनॅमल सोलतं, म्हणून बांबूची काडी वापरलेली बरी. गाठ सोडवून तिन्ही टोकांना १.५ स्क्वेअर एमएमची उष्णता सहन करणारी वायर डाग देऊन जोडायची, त्यावर फायबरग्लास स्लीव्ह चढवायची, पुन्हा दोऱ्याने घट्ट बांधायचं आणि हवेत सुकणारं वार्निश मारायचं.

पोलॅरिटी शोधण्याची कसरत इथे करावी लागत नाही. गाठीतली तिन्ही टोकं ही वाइंडिंगची शेवटची टोकं, आधीच बाहेर असलेली ती सुरुवातीची. मल्टीमीटरने फक्त कोणतं कोणाच्या जोडीचं हे बघायचं. तिन्ही जोड्यांचा रोध सारखा आला पाहिजे. मग ५०० व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग आणि बॉडीमधलं इन्सुलेशन तपासायचं. मेगर नेहमी ड्राइव्ह जोडण्याआधी मारायचा. जोडलेल्या ड्राइव्हवर मेगर मारला की आतले ट्रान्झिस्टर जातात.

गाठ न सोडता स्टारमध्येच चालवलं तर काय होतं? मोटर फिरते, आवाजही नेहमीसारखा, म्हणून सगळं ठीक वाटतं. पण ५० हर्ट्झला मिळणारा कमाल टॉर्क जेमतेम एक तृतीयांश उरतो आणि पहिल्याच खऱ्या कटला स्पिंडल बसतो. मोटरला पूर्ण फ्लक्स (चुंबकीय जोर) मिळतो तो फक्त २७-२८ हर्ट्झपर्यंत. नव्या व्हीएफडीत दम नाही अशी तक्रार आली की आधी टर्मिनल बॉक्स उघडून बघावा.

जुन्या मोटरचं इन्सुलेशन ड्राइव्हच्या झटक्यांनी जाईल ही भीती या व्होल्टेजला फारशी खरी नाही. २३० व्होल्टच्या ड्राइव्हची डीसी बस (आतला डीसी पुरवठा) साधारण ३२५ व्होल्ट असते. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हची ५९० च्या आसपास जाते, खरा त्रास तिथे होतो.

ड्राइव्ह आणि घरची लाइन

मोटर १.५ किलोवॅटची असली तरी ड्राइव्ह २.२ किलोवॅटचा घेतला: इनपुट सिंगल फेज २३० व्होल्ट, आउटपुट १० ते ११ अँपिअर, सेन्सरलेस व्हेक्टर (वेगळ्या सेन्सरशिवाय मोटरचा टॉर्क सांभाळणारा). एक पायरी मोठा घेतल्याने शेडच्या उन्हाळ्यात तो थंड राहतो आणि सुरुवातीच्या झटक्याला करंट शिल्लक असतो. घेताना ब्रेक चॉपर (थांबताना मोटरकडून परत येणारी वीज ब्रेक रेझिस्टरकडे वळवणारा भाग) आत आहे का, हे आवर्जून विचारावं. छोट्या मॉडेलांत बऱ्याचदा तो नसतो आणि नंतर बसवता येत नाही.

इनपुट करंटचा अंदाज लोक कमी धरतात. पूर्ण लोडला मोटर सुमारे १.९ किलोवॅट खेचते, ड्राइव्हचा खर्च धरून २ किलोवॅट. पण रेक्टिफायर फक्त व्होल्टेजच्या शिखरावर करंट ओढतो, त्यामुळे पॉवर फॅक्टर ०.६ च्या आसपास राहतो आणि करंट १४ अँपिअरपर्यंत जातो. १६ अँपिअरच्या जुन्या सॉकेटवर हे रोज चालवलं की पिन काळी पडते. म्हणून मीटरजवळच्या बोर्डापासून स्वतंत्र ४ स्क्वेअर एमएम तांब्याची लाइन, २५ अँपिअरचा सी कर्व्ह एमसीबी आणि ड्राइव्हच्या आधी १.५ मिलीहेन्रीचा चोक असं घेतलं. चोकमुळे शिखरं बोथट होतात, घरातले एलईडी लुकलुकत नाहीत. विजेच्या बिलावरचा मंजूर भार आधी बघून घ्यावा. कमी असेल तर तो वाढवून घेणं सोपं आहे.

जुन्या पॅनेलमधून काय निघालं

ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये काहीही ठेवायचं नाही. ना स्टार्टर, ना फॉरवर्ड-रिव्हर्सचा ड्रम स्विच. चालू ड्राइव्हच्या आउटपुटला स्विच उघडला की ठिणगी पडते, ड्राइव्ह ट्रिप होतो आणि असं वारंवार झालं तर आउटपुट मॉड्यूल जातं. हेडवरचा ड्रम स्विच नुसता सिग्नलसाठी वापरायचा मोह होतो, कारण तो हाताशी असतो. पण त्याचे कॉन्टॅक्ट मोठ्या करंटसाठी बनवलेले असतात. २४ व्होल्ट आणि काही मिलीअँपिअरला त्यांच्यावरचा ऑक्साइडचा थर जळत नाही आणि कमांड मधूनच गायब होते. नवे २२ मिलिमीटरचे पुश बटण आणि सिलेक्टर लावले ते यासाठी.

४१५ व्होल्टचा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर काढून मशीनच्या दिव्यासाठी २३०/२४ व्होल्टचा बसवला. कूलंट पंप थ्री फेज होता. तो मुख्य ड्राइव्हच्या आउटपुटवर टांगला तर स्पिंडलच्या वेगाबरोबर पंपही हळू होतो, आणि बॅकगिअरमध्ये जड कट चालू असताना कूलंट थेंब थेंब येतं. त्याऐवजी छोटा सिंगल फेज पंप स्वतंत्र स्विचवर घेतला.

एकच आरपीएम, तीन वेगळ्या ताकदी

हेडवरच्या पाटीवर ८० ते २७२० आरपीएम लिहिलेलं होतं. ती पाटी ६० हर्ट्झच्या देशासाठीची. आपल्या ५० हर्ट्झला पुलीच्या चार पायऱ्या साधारण ५५०, ९३०, १४६० आणि २२७० देतात, आणि बॅकगिअरमध्ये त्याच पायऱ्या ६६, ११२, १७५ आणि २७०.

५० हर्ट्झच्या खाली मोटरचा टॉर्क जवळपास तेवढाच राहतो, इथे १० न्यूटन-मीटर, पण पॉवर हर्ट्झच्या प्रमाणात घटते. २५ हर्ट्झला १.५ किलोवॅटची मोटर पाऊण किलोवॅटची उरते. ५० च्या वर पॉवर तेवढीच राहून टॉर्क घटतो. बेल्ट खालच्या पायरीवर घेतला की वेग कमी होऊन स्पिंडलचा टॉर्क वाढतो. ड्राइव्हने वेग कमी केला की टॉर्क वाढत नाही.

२० मिलिमीटरच्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) एंड मिलने माइल्ड स्टील कापायचं आहे. कटिंग स्पीड २५ मीटर धरला तर वेग सुमारे ४०० आरपीएम. बेल्ट ५५० च्या पायरीवर ठेवला तर ड्राइव्ह ३६ हर्ट्झवर चालतो आणि १.०८ किलोवॅट हाताशी असतात, स्पिंडलवर सुमारे २६ न्यूटन-मीटर. १४६० च्या पायरीवर तेच ४०० आरपीएम १३.७ हर्ट्झला मिळतात, पण फक्त ०.४१ किलोवॅट. २२७० च्या पायरीवर ८.८ हर्ट्झ आणि पाव किलोवॅट. मोटरचा पंखाही तेव्हा सहा पट हळू फिरत असतो. स्पिंडलचा वेग तिन्ही वेळा ४०० च असतो. बेल्ट वरच्या पायरीवर कायमचा ठेवून सगळं काम नॉबवर भागवणाऱ्यांचा कटर अडकतो तो म्हणूनच.

हर्ट्झची मर्यादा २५ ते ७५ ठेवली तर चारपैकी दोनच पायऱ्या पुरतात, हा या मशीनचा खरा फायदा. ५५० च्या पायरीवर २७५ ते ८२५ आणि तिच्या बॅकगिअरमध्ये ३३ ते ९९. १४६० च्या पायरीवर ७३० ते २१९०, तिच्या बॅकगिअरमध्ये ८७ ते २६२. म्हणजे ३३ पासून २१९० पर्यंत जवळपास सलग. मध्ये २६२ ते २७५ एवढीच फट राहते आणि तिने काही अडत नाही. कमाल वेग मूळ पाटीवरच्या २७२० च्या आतच असल्याने स्पिंडलच्या बेअरिंगवर जास्तीचा भारही येत नाही.

बॅकगिअर टाकला की स्पिंडल उलटा फिरतो, ही या हेडची खोड. मध्ये एक गिअरची जोडी वाढते म्हणून. जुना ड्रम स्विच दोन्हीकडे फिरवून कारागीर ते सांभाळायचा. ड्राइव्ह लावल्यावर हिरवं बटण दाबलं आणि कटर उलटा फिरला तर धार गेलीच समजा. आट्यावर बसवलेलं बोरिंग हेड सुटून येण्याचाही धोका असतो. यासाठी 'सरळ – ० – बॅकगिअर' असा तीन स्थितींचा सिलेक्टर लीव्हरशेजारी बसवला. एका टोकाला तो फॉरवर्ड दिशा देतो, दुसऱ्या टोकाला रिव्हर्स, आणि मधल्या शून्यावर स्टॉपची साखळी तोडतो. त्यामुळे चालू स्पिंडलवर कोणी सिलेक्टर फिरवला तरी मशीन थांबतं आणि पुन्हा स्टार्ट दाबल्याशिवाय फिरत नाही. बॅकगिअरचा लीव्हर मात्र स्पिंडल पूर्ण थांबल्यावर, हाताने थोडा फिरवत टाकायचा. जॉग देत दाते बसवायचा प्रयत्न केला तर ते मोडतात.

वायरिंग आणि सेटिंग

कंट्रोल थ्री-वायर पद्धतीने केलं: स्टार्ट क्षणिक बटण, स्टॉप नॉर्मली क्लोज्ड, दिशा सिलेक्टरवरून. टॉगल स्विचने चालू-बंद करणारी टू-वायर पद्धत मशीन टूलवर नको. लाइट जाते, माणूस कटर बदलायला हात आत घालतो, लाइट येते आणि स्पिंडल आपोआप सुरू होतो. पॅरामीटरमध्ये 'पॉवर आल्यावर सुरू होऊ नये' हा पर्यायही वेगळा तपासून चालू केला.

इमर्जन्सी स्टॉपने ड्राइव्हची लाइनच तोडली तर ब्रेकही जातो आणि स्पिंडल आपल्या गतीने फिरत राहतो. म्हणून लाल बटणाचा एक कॉन्टॅक्ट ड्राइव्हला झटपट थांबण्याची कमांड देतो, आणि दुसरा ऑफ-डिले टायमरमार्फत ३ सेकंदांनी इनपुट कॉन्टॅक्टर सोडतो. रोजच्या चालू-बंदसाठी हा कॉन्टॅक्टर वापरायचा नाही, दर वेळी कपॅसिटर नव्याने चार्ज होताना आतली रेझिस्टर झिजते.

मोटर केबल चार कोर २.५ स्क्वेअर एमएम, शील्ड असलेली, ३ मीटर. शील्ड दोन्ही टोकांना पूर्ण वेढा असलेल्या क्लॅम्पने अर्थला. वेगाचा नॉब ५ किलोओहमचा लिनिअर, त्याची शील्ड केबल फक्त ड्राइव्हच्या टोकाला अर्थ केलेली. ड्राइव्हपासून मशीनच्या बॉडीला स्वतंत्र ४ स्क्वेअर एमएमची हिरवी वायर, रंग खरवडून चकाकत्या लोखंडावर थिंबल कसून.

पॅरामीटरचे क्रमांक कंपनीगणिक बदलतात, अर्थ तेच राहतात. मोटर व्होल्टेज २३०, बेस फ्रिक्वेन्सी ५०, करंट ५.९ अँपिअर, आरपीएम १४१५, किमान २५ आणि कमाल ७५ हर्ट्झ, चढ (वेग घ्यायचा वेळ) ३ सेकंद, उतार (थांबायचा वेळ) २ सेकंद, कॅरिअर (ड्राइव्हच्या आतल्या स्विचिंगची फ्रिक्वेन्सी) ६ किलोहर्ट्झ. कॅरिअर २ वर ठेवला तर मोटर कर्कश शिट्टी घालते, १२ वर नेला तर ड्राइव्ह तापतो आणि गळती करंट वाढतो. फिरवून करायचं ऑटोट्यून (ड्राइव्हने मोटरचे गुण स्वतः मोजणं) बेल्ट काढूनच करावं, नाहीतर मोजमाप बिघडतं.

काय बिघडलं आणि का

पहिल्याच दिवशी घराचा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती करंट दिसला की लाइन तोडणारा स्विच) पडला. ड्राइव्हच्या आतल्या ईएमसी फिल्टरचे (विजेतला गोंगाट गाळणाऱ्या भागाचे) कपॅसिटर अर्थकडे थोडा करंट कायम सोडतात, त्यात घरातल्या इतर उपकरणांची गळती मिसळते. आरसीसीबी बायपास करणं हा उपाय नव्हे, जीवाशी खेळ आहे. ड्राइव्हच्या लाइनला स्वतंत्र ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी दिला, तोही एफ टाइपचा. सिंगल फेज ड्राइव्हमुळे गळतीत वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी मिसळतात आणि साधा एसी टाइप त्यांना नीट ओळखत नाही.

मग डीआरओचे (टेबलची जागा आकड्यांत दाखवणाऱ्या डिस्प्लेचे) आकडे उड्या मारायला लागले. टेबल स्थिर असताना एक्स अक्षावर ५ मायक्रॉनच्या पटीत आकडा सरकायचा, आणि स्पिंडल बंद केला की थांबायचा. कारण कॉलमच्या मागे दिसलं: स्केलची केबल आणि मोटर केबल नीटनेटकी दिसावी म्हणून एकाच टायने बांधलेली. दोघींमध्ये २०० मिलिमीटर अंतर ठेवलं, जिथे ओलांडावं लागतं तिथे काटकोनात ओलांडलं, डीआरओचा अडॅप्टर दुसऱ्या सॉकेटवर घेतला. उड्या थांबल्या.

उतार २ सेकंदांचा ठेवल्यावर मोठ्या कटरने ओव्हरव्होल्टेज ट्रिप येत होता. थांबताना मोटर जनरेटर होते आणि डीसी बस ४०० व्होल्टच्या पुढे चढते. १०० ओहम, ३०० वॉटची ब्रेक रेझिस्टर जोडली, ड्राइव्हच्या पुस्तिकेतल्या किमान ओहमच्या खाली न जाता. ती बॉक्सच्या बाहेर, जाळीच्या आत आणि हात लागणार नाही अशा उंचीवर असते, कारण सलग टॅपिंगमध्ये ती भाजण्याइतकी तापते.

बॉक्सचं गणित आधी चुकवू नये. बिडाची बारीक पूड वीजवाहक असते, म्हणून ड्राइव्ह उघडा ठेवता येत नाही. पण ४०० बाय ३०० बाय २०० च्या पूर्ण बंद पत्र्याच्या बॉक्सचा उघडा पृष्ठभाग भिंत सोडून ०.४ चौरस मीटर भरतो. ड्राइव्हचे ८० वॉट त्यातून बाहेर पडायला आतलं तापमान ३५ अंशांहून जास्त चढावं लागतं. शेडमध्ये ३८ अंश असतील तर आत ७० च्या वर, आणि ड्राइव्हची हद्द साधारण ५०. खाली फिल्टरचा पंखा आत हवा ढकलणारा, वर जाळी, आणि महिन्याला फिल्टर झटकणं, एवढ्याने भागलं. बॉक्स उघडण्याआधी लाइन बंद करून किमान पाच मिनिटं थांबायचं आणि डीसी टर्मिनलवर मीटर लावून खात्री करायची. दिवा विझला म्हणजे कपॅसिटर रिकामा झाला असं नसतं.

संध्याकाळी लाइन १९० व्होल्टवर येते तेव्हा ५० हर्ट्झच्या आसपास टॉर्क कमी पडतो, कारण ड्राइव्ह आत येतं त्याहून जास्त व्होल्टेज बाहेर देऊ शकत नाही. त्या वेळी जड काम ५५० च्या पायरीवर ४० हर्ट्झच्या खाली करावं. तिथे मोटरला तेवढंच व्होल्टेज लागतं.

कट

६३ मिलिमीटरचा चार टिपांचा फेस मिल, माइल्ड स्टील, १०० मीटरने सुमारे ५०५ आरपीएम: ५५० ची पायरी, ४६ हर्ट्झ. दीड मिलिमीटर खोली, ४५ रुंदी, टेबल २०० मिलिमीटर मिनिटाला. डिस्प्लेवर करंट साडेचार अँपिअरच्या आसपास राहिला. खोली अडीच मिलिमीटर केल्यावर तो ५.९ च्या वर गेला आणि आवाज खाली बसला. तिथेच या मोटरची हद्द आहे. एम१० चं टॅपिंग बॅकगिअरमध्ये, १४६० च्या पायरीवर २८ हर्ट्झला म्हणजे सुमारे १०० आरपीएमने होतं. तळ गाठायच्या आधी स्टॉप, सिलेक्टर दुसऱ्या टोकाला, पुन्हा स्टार्ट, आणि टॅप बाहेर. बंद भोकात स्पिंडल थांबेपर्यंत टॅप आणखी दोन आटे तरी आत जातो, तेवढी जागा ड्रिल करतानाच ठेवायची.